वरचा एक टक्का

२०१९ सालचा फेब्रुवारी. लातूरच्या औसा रोडवरच्या एका गाळ्यात बसून चांगुणाबाई सोनकांबळे सही करत होत्या. ‘चांगु’ एवढं लिहून झालं आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

समोर बसलेल्या सुदर्शननं मान वर केली.

“काय झालं, सिस्टर? पेन चालंना का? हे घ्या.”

“पेन चांगलं हाय. इथं तीन लिहिलंय.”

“कुठं?”

“तुझ्याच कागदावर. दलाली तीन टक्के.”

सुदर्शननं कागद स्वतःकडं वळवून घेतला आणि पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचला. त्याच्या डोक्यामागं भिंतीवर पत्र्याचा बोर्ड होता. घर, प्लॉट, शेती, खरेदी-विक्री : २ टक्के. खोली भाड्याने : एक महिन्याचे भाडे. गेल्या महिनाभरात चांगुणाबाई या खुर्चीत पाच वेळा बसल्या होत्या आणि पाची वेळा तो बोर्ड त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

“बोर्डावरचं बोर्डावर असतंय, सिस्टर. केस बघून थोडं मागंपुढं होतंय.”

“आमची केस काय हाय?”

सुदर्शननं शेजारी बसलेल्या धम्मदीपकडं पाहिलं. “साहेब, तुम्ही सांगा की आईला.”

धम्मदीप चाळिशीचा, नांदेडला बँकेत नोकरीला. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिला.

“त्याला नको. मला सांग. सदतीस वर्षं केसपेपर वाचलेत मी.”

बिलोली, धर्माबाद, हदगाव अशा ठिकाणी परिचारिका म्हणून नोकरी करून चांगुणाबाई निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीला आठ वर्षं होऊन गेली, तरी लोक त्यांना सिस्टरच म्हणत. फंडाचे पैसे आणि नांदेडचा एक प्लॉट विकून आलेली रक्कम त्यांनी एकत्र केली होती. त्यातून लातुरात असं घर घ्यायचं होतं, की पुढं स्वतः राहता येईल आणि मागच्या खोल्या क्लासला येणाऱ्या मुलींना भाड्यानं देता येतील. पैसा बँकेत झोपवून ठेवण्यापेक्षा तो कामाला लागावा, असा हिशेब होता. अडतीस लाखांत पुढं राहती खोली आणि मागं पाच खोल्या असं घर मिळत होतं. ते सुदर्शननं शोधलं होतं, आणि त्याच्या कामात खोट नव्हती. त्याआधीचं एक घर त्यांना आवडलं असताना त्यानंच परत फिरवलं होतं. मालकाच्या दोन बहिणींचं हक्कसोडपत्र झालेलं नव्हतं. ‘स्वस्त हाय पण कोर्टात म्हातारे व्हाल,’ असं तो म्हणाला होता.

“आता असं बघा,” सुदर्शननं खुर्ची पुढं ओढली. “गल्ली जुनी हाय. मालकीण जुन्या वळणाची हाय. त्यांना समजावून सांगावं लागतंय. शेजारीपाजारी बघावं लागतंय, उद्या बोलाबोली नको. ह्याला मेहनत लागते. माझ्या मनात काही न्हाई बरं का. माझं उठणं-बसणं सगळं तुमच्याच लोकांत हाय.”

धम्मदीपचा मोबाईलवरचा अंगठा थांबला.

“मालकीण काय म्हणल्या?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“जाऊ द्या ना आता ते.”

“मला भेटायचंय त्यांना.”

“भेटणारच की. रजिस्ट्रीच्या दिवशी.”

या धंद्यात तशीच रीत होती. घेणारा आणि देणारा एकमेकांचं तोंड पाहायचे ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, एका बाकावर बसून, अंगठ्याला शाई लागायच्या आधी घटकाभर. तोवर याचं म्हणणं त्याच्याकडं आणि त्याचं याच्याकडं दलालानं न्यायचं. जानेवारीत चांगुणाबाई घर बघायला गेल्या तेव्हा मालकिणीला सुदर्शननं बहिणीकडं पाठवून दिलं होतं. गॅसवर दुधाचं भांडं झाकलेलं होतं आणि दोरीवर ओलं लुगडं होतं. दोघं आधी भेटले की मधल्या माणसाला विसरतात, असा सगळ्या दलालांचा अनुभव होता आणि त्यात खोटं काही नव्हतं.

चांगुणाबाईंनी पर्स उचलली. “मग आजच भेटते.”

“सिस्टर, असं करत न्हाईत!”

त्या गाळ्याच्या पायऱ्या उतरत होत्या.

रिक्षात बसल्यावर धम्मदीप म्हणाला, “आई, अडतीस हजारांचा प्रश्न आहे. सोडून दे ना. घर हातचं जाईल.”

“जाईना.”

“मीसुद्धा दिलेत. पुण्याला होतो तेव्हा. फ्लॅट भाड्यानं घेताना दीड महिन्याचं घेतलं त्यानं. बाकीच्यांकडून एकाच महिन्याचं.”

“तू कधी बोलला न्हाईस.”

“बोलायचं काय त्यात?”

चांगुणाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि मग बाहेर पाहिलं. त्यांची पहिली नेमणूक बिलोलीची, १९७४ सालची. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्यांना खोली मिळवून दिली होती. महिना पंधरा रुपये भाडं. आणि घरमालकाला आडनाव कळू नये म्हणून कंपाउंडरला वर दोन रुपये. अकरा महिने त्यांनी ते दिले. दर एक तारखेला तो औषधाच्या खिडकीतून हात पुढं करायचा, तोंडानं काही मागायचा नाही. एकवीस वर्षांची नर्स दोनाची नोट घडी करून त्याच्या हातावर ठेवायची आणि वर म्हणायची, ‘उपकार झाले, भाऊ.’ पैशाचं दुःख कधीच विरून गेलं होतं. ते ‘उपकार झाले’ तेवढं विरत नव्हतं.

“भाऊ, डावीकडं घ्या,” त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं.

गौरम्मा ओट्यावर हरभऱ्याचे ढाळे घेऊन बसल्या होत्या. हिरवे घाटे फोडून दाणे परातीत टाकत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. फाटक वाजल्यावर मान वर न करताच म्हणाल्या, “खोली न्हाई बाई. पाची भरल्यात. जूनमध्ये या.”

“खोली नको. घरासाठी आले. मी चांगुणा सोनकांबळे. सुदर्शननं दाखवलं होतं, तवा तुम्ही नव्हता.”

गौरम्मांच्या बोटांतला घाटा न फोडता तसाच राहिला.

“यव्वा! तो तर म्हणला, रजिस्ट्रीलाच भेटायचं.”

“मलाबी तेच म्हणला.”

“मग कशाला आलात?”

“एक विचारायला. तुम्ही असं काय म्हणलात, की त्याचा एक टक्का तो माझ्याकडून जास्ती मागायलाय?”

“मी?” गौरम्मांचा आवाज चढला. “मला कोण विचारलंय? तोच आला आन् तोच बोलला. गिऱ्हाईक पक्कं हाय, रोख हाय, पण बौद्ध हाय म्हणला. गल्ली नावं ठेवंल, गल्लीचं मी बघून घेतो, तुम्ही एक टक्का वर द्या म्हणला.”

“तुमच्याकडूनबी?”

“मग! मल्लेश म्हणला, देऊन टाक आन् मोकळी हो.” मल्लेश हा त्यांचा मुलगा, हैदराबादला होता. आईला त्याच्याकडं न्यायचं म्हणून तर घर विकायला निघालं होतं.

“गल्लीत कोण नावं ठेवली?”

“कोण ठेवणार? मी घर विकायलेय हेच अजून गल्लीला ठाऊक न्हाई.”

हे म्हणून झाल्यावर गौरम्मा आपल्याच बोलण्याकडं बघत राहिल्यासारख्या बसल्या. मग त्यांनी परात अंमळ सरकवली. चांगुणाबाई पायरीवर टेकल्या, त्यांनी एक डहाळी ओढली आणि त्याही सोलू लागल्या. फाटकाशी धम्मदीप उभा होता, त्याला कोणी आत बोलावलं नाही आणि तोही आला नाही.

“अक्का, खरं सांगा,” चांगुणाबाई म्हणाल्या. “त्यानं आधी येऊन सरळ विचारलं असतं, की अशी अशी बाई हाय, घर द्यायचं का, तर काय म्हणला असता तुम्ही?”

गौरम्मांनी परातीतला एक किडका दाणा वेचून बाजूला टाकला.

“नको म्हणले असते.”

“हं.”

“खोटं कशाला बोलू? मालक असते तर माझ्यापर्यंत गोष्टच आली नसती. पण माझ्यापर्यंत आली असती तरी नकोच म्हणले असते.”

चांगुणाबाईंचा हात चालूच होता. दोन-चार घाटे झाल्यावर गौरम्मांनी विचारलं, “राग आला?”

“राग जुना हाय. आज नवा काय येणार? आता काय म्हणता ते सांगा. घर विकायचंय?”

“विकायचंय की.”

“मला?”

“तुम्हालाच. दुसरं कोण रोख द्यायलंय मला?” आणि गौरम्मांना स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग चांगुणाबाईही हसल्या.

“मग उठा. चपला घाला.”

“कुठं?”

“सुदर्शनकडं. दोघी मिळून.”

“यव्वा, मरंल की तो भिऊन!” म्हणत गौरम्मांनी परातीवर झाकण घातलं.

परतीच्या रिक्षात धम्मदीप पुढं, रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा बाहेर बसला होता. मागं वळून तो म्हणाला, “आता तुम्ही दोघी भेटलाच आहात, तर त्याला मध्ये घ्यायचंच कशाला? दोघींचे सगळेच वाचतील.”

“घर दाखवलं कोणी?” चांगुणाबाई म्हणाल्या. “बहिणींच्या हक्कसोडाचं बघितलं कोणी? तू बँकेत असून तुझ्या ध्यानात आलं होतं का? बोर्डावर लिहिलेले दोन टक्के त्याचे. त्याला हात लावायचा न्हाई.”

“माझेबी दोन,” गौरम्मा म्हणाल्या. मग थोडं थांबून, “दोनच ना? बोर्डावर लिहिलंय म्हणता?”

“लिहिलंय. एवढ्या मोठ्या अक्षरात.”

दोघी पायऱ्या चढताना दिसल्या तेव्हा सुदर्शन उठून उभा राहिला. त्याच्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांवर घेणारी आणि देणारी एकाच वेळी बसण्याची ही वीस वर्षांतली पहिली वेळ होती. त्यानं आधी पंखा लावला, मग चहा सांगितला, मग पंखा बंद केला.

“गौरम्माकाकू, तुम्हाला मी सांगितलं होतं…”

“सांगितलं होतंस. गल्लीचं बघून घेतो म्हणून. बघितलास का?”

सुदर्शननं टेबलावरचे कागद सरळ केले.

“कुणाकुणाला भेटलास गल्लीत? नावं सांग. मला त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायचं असतंय.”

“काकू, चेष्टा करू नका.”

“चेष्टा तू केलास. त्यांना माझ्या नावानं भ्या घातलास, मला त्यांच्या नावानं. आम्ही दोघी घरात बसून तुला पैसे मोजायलाव.”

सुदर्शनचा चेहरा तापला. तो चांगुणाबाईंकडं वळला.

“मी काय चोरी केली, सिस्टर? सांगा तुम्ही. ह्याच्या आधी तुमच्यासाठी तीन घरं विचारली मी. तीन. नाव ऐकून तिघांनी फोन ठेवला. एक तर मला म्हणला, असलं गिऱ्हाईक परत आणलंस तर तूबी येऊ नको. ते तुमच्या कानावर येऊ दिलं का मी? गिळलं की न्हाई? त्याचे मागितले. लोक तर न बघताच हाकलून देतात, मी महिनाभर गाडीवर फिरवलंय तुम्हाला.”

चहा आला. पोऱ्यानं ग्लास ठेवले तरी कोणी उचलले नाहीत. सुदर्शनचं हे बोलणं वरवरचं नव्हतं. त्याच्या आवाजात कुठंतरी खरा शीण होता, आणि तो चांगुणाबाईंना ओळखू आला.

“सांगायचं होतंस,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं. माझं मला वाटलं असतं. माझ्या वाट्याचं तू ऐकून घे, असं मी तुला कवा म्हणले? बिलोलीला एकानं असंच माझ्या वाट्याचं सांभाळलं. अकरा महिने पैसे घेतले माझ्याकडून. घरमालक खरंच काही बोलला असता का, की मीच उगं भीत होते, ते मला आजवर कळलं न्हाई. पैसेबी गेले आन् ऐकायचंबी राहिलं.” त्यांनी पर्समधून पेन काढलं. “पदरचे पैसे देऊन मी आता बहिरी होणार न्हाई, सुदर्शन. दोन टक्के तुझ्या कामाचे. चेकनं देते. पावती दे.”

सुदर्शननं ड्रॉवरमधून गौरम्मांचाही कागद काढला, दोन्ही कागदांवरचा तीनचा आकडा खोडून वर दोन लिहिलं आणि शेजारी बारीक सही केली.

“पुढच्याला मी किती लावायचे, ते मात्र तुम्ही सांगू नका,” तो म्हणाला.

“ते पुढचा सांगंल.”

चांगुणाबाईंनी ‘चांगु’च्या पुढं उरलेली सही केली. गौरम्मांनी कन्नड वळणाच्या मराठीत आपलं नाव लिहिलं. त्यात वेळ गेला.

“आता त्या तिघांची नावं लिहून दे,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“आई!” धम्मदीप म्हणाला.

“कशाला आता, सिस्टर?”

“माझं ऐकायचं राहिलंय.”

सुदर्शननं एक नाव लिहिलं. बाकीचे दोघं परगावचे, फोनवरचे, म्हणाला. हे मात्र इथलेच, बार्शी रोडला, व्यंकटराव गुरुजी.

रजिस्ट्री मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. त्याच दुपारी चांगुणाबाई बार्शी रोडला गेल्या. धम्मदीप सोबत आला. या वेळी तो फाटकाशी थांबला नाही.

व्यंकटराव निवृत्त शिक्षक होते. स्वच्छ धोतर, स्वच्छ बोलणं. त्यांनी दोघांना बैठकीत बसवलं, पंखा लावला आणि चांगल्या कपांतून चहा आणवला. चांगुणाबाईंनी पूर्ण नाव सांगितलं आणि येण्याचं कारणही सांगितलं.

“अहो, पण मला असा फोन आलाच नाही,” व्यंकटराव म्हणाले. “या दलालांचं काही खरं नसतं. स्वतःची तुंबडी भरायला आमच्यासारख्यांना बदनाम करतात.”

“आला असता तर?”

“तर काय? माणूस पाहावा, जात कशाला पाहायची? तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं मी.”

“मग घर अजून विकायचंय?”

“विकायचं आहे तर. योग्य गिऱ्हाईक मिळालं की.”

“माझी मावसबहीण हाय, रेणुका. धर्माबादला शाळेत होती, आता रिटायर झाली. तिला लातुरात यायचंय.” चांगुणाबाईंनी पर्स मांडीवर घेऊन उघडली. “भाव तुम्ही सांगाल तो. दलाल मध्ये नको, तुमचेबी पैसे वाचतील. इसार आत्ता देते.”

व्यंकटरावांनी कप बशीत ठेवला. बशी किंचित वाजली.

“तसं… मुलाला विचारावं लागेल. तो पुण्याला असतो.”

“फोन लावा की.”

“आता ऑफिसात असेल.”

“कवा सुटतो?”

“सहा-साडेसहाला.”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“थांबतो आम्ही,” धम्मदीप म्हणाला.

चांगुणाबाईंनी चमकून मुलाकडं पाहिलं. तो खुर्चीत मागं टेकून, पायावर पाय टाकून बसला होता. मोबाईल त्यानं खिशातून काढलाच नव्हता.

ते दोघं पाच वाजेपर्यंत बसले. व्यंकटरावांनी पेपरची घडी उलगडली, पुन्हा घातली. दोनदा आत जाऊन आले. शेवटी उभे राहूनच म्हणाले, “असं करा, नंबर ठेवून जा. विचारून कळवतो.” त्यांनी पुढं केलेल्या वहीत चांगुणाबाईंनी आपलं नाव आडनावासकट लिहिलं, खाली नंबर लिहिला आणि दोन्हीखाली रेघ ओढली.

सुदर्शननं फोन केला होता की नव्हता, दोघांपैकी खोटं कोण बोललं, हे चांगुणाबाईंना त्या दिवशी कळलं नाही, नंतरही नाही.

गौरम्मा त्या मे महिन्यात हैदराबादला मल्लेशकडं गेल्या. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं मन रमलं नाही. दर जूनला फोन करून विचारायच्या, “खोल्या भरल्या का, सिस्टर? मागच्या खोलीचा नळ गळतोय, बघा.” २०२२च्या थंडीत त्या गेल्या. मल्लेशनं कळवलं तेव्हा चांगुणाबाई पहिल्या गाडीनं निघाल्या, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

धम्मदीपची बदली पुण्याला झाली. तिथं त्यानं फ्लॅट घेतला. घर कसं आहे हे सांगण्याच्या आधी त्यानं फोनवर दलाली किती दिली ते सांगितलं.

सुदर्शनचा धंदा वाढला. गाळा मोठा झाला, काचेचं दार आलं, नवा बोर्ड लागला. त्या बोर्डावर टक्क्यांचा आकडा नाही. ‘दलाली समक्ष ठरेल’ एवढंच आहे. चांगुणाबाईंच्या खोल्यांसाठी मुली आजही तोच पाठवतो, आणि प्रत्येक मुलीच्या बापाला चांगुणाबाई दारातच विचारतात, “सुदर्शननं किती घेतले?” एकदा एका बापानं महिन्याच्या भाड्याच्या वर पाचशे सांगितले. ते पाचशे त्या संध्याकाळी परत आले.

चांगुणाबाई आता बहात्तर वर्षांच्या आहेत. पुढच्या खोलीत राहतात. मागच्या पाच खोल्यांत हदगावच्या, बिलोलीच्या, निलंग्याच्या मुली असतात. कोणाचं आडनाव काय ते त्यांना पहिल्या दिवशी कळतं, कारण नावाच्या पाट्या मुलींनी आपापल्या दारावर स्वतःच लावायच्या, असा त्या घराचा नियम आहे.

रेणुकाबाईंनी शेवटी नांदेडलाच घर घेतलं. बार्शी रोडचं घर अजून व्यंकटराव गुरुजींच्याच नावावर आहे. फाटकावरची ‘विकणे आहे’ ही पाटी उन्हानं पांढरी पडली आहे. मुलाला विचारून झालं की नाही, तेवढं त्यांनी अजून कळवलेलं नाही.